सटीची रजा

बायनाबाई परभणीला गेली ती पोरीची रजा मागायला आणि येताना करंज्यांसाठी सुकं खोबरं आणायला. खोबरं आणलं, रजाही आणली. पण या दोहोंच्या मधे तिच्या तोंडून एक शब्द असा काही निसटला, की पिंगळीच्या ठेसनावर उतरताना ती खोबऱ्याची पुडी डब्यातच विसरून येत होती.

झालं ते असं. तिची लेक केवळा परभणीला पोरींच्या सरकारी बोर्डिंगात राहून सातवी शिकत होती. बोर्डिंगच्या मोठ्या बाई म्हणजे नर्मदाबाई. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, आवाज असा की पोरी जिन्यावरून खाली उतरायच्या आधी पायातल्या चपला काढून हातात घेत. त्यांच्या टेबलापुढं बायनाबाई पदर सावरून उभी राहिली.

"कशाची रजा?" नर्मदाबाईंनी टाक दौतीत बुडवत विचारलं.

"मोठ्या सणाची, बाई. शनवार, ऐतवार आन् सोमवार."

"मोठा सण? दिवाळी होऊन महिना उलटला. आता कोणता मोठा सण?"

बायनाबाईच्या वस्तीत नाताळाला कुणी नाताळ म्हणतच नव्हतं. सासऱ्याच्या काळापासून तो 'मोठा सण'. घरात बोलायचा शब्द दारात आला होता आणि आता तो मागं घेता येत नव्हता. टाकाच्या टोकावर शाईचा थेंब लोंबत होता. तो पडायच्या आत काहीतरी बोलायला हवं होतं.

"सटीची," ती म्हणाली. "खंडोबाच्या सटीची. घरी तळी हाय."

"सट म्हणजे चंपाषष्ठी. ती तर त्याच्या आधी चार-पाच दिवस आहे."

"आमी सटीच्या पुढचा ऐतवार धरताव. देवाचा वार म्हणून."

थेंब कागदावर पडला नाही. नर्मदाबाईंनी टाक बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच बायनाबाईकडं नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची इस्त्री जरा मोडल्यासारखी झाली.

"खंडोबा आमचंही कुलदैवत," त्या म्हणाल्या. "सासर सुटलं तेव्हापासून तळीला हात लागला नाही माझा. सोळा वर्षं झाली." मग दौतीला झाकण लावत, "पिंगळी म्हणजे पुढचंच स्टेशन की. रविवारी मला सुट्टीच आहे. मी येते सकाळच्या पॅसेंजरनं. चालेल ना?"

न चालून कुणाला सांगते! बायनाबाई म्हणाली, "या की, बाई." आणि रजेच्या चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहिलेला 'सट' हा शब्द पदराच्या गाठीत बांधून घेऊन आली.

पिंगळी ठेसनाच्या पल्याड, रुळांच्या खालच्या अंगाला बारा घरांची ती वस्ती होती. मुळात मांगांची. बायनाबाईच्या सासऱ्याच्या तरुणपणी मिशनचा एक गोरा साहेब घोड्यावरून यायचा. त्यानं लिंबाखाली बसून बाराही घरांना बाप्तिस्मा दिला. तेव्हापासून इथल्या माणसाला दोन नावं. एक गावातलं, एक मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पुस्तकातलं. रुळावर ग्यांगमन असलेला तिचा नवरा गावात मुंजाजी, पुस्तकात मोशे. ती स्वतः गावात बायना, पुस्तकात मार्था. लेक गावात केवळा, पुस्तकात रूथ. कोणतं नाव कुठं वापरायचं यात कुणाचा घोटाळा होत नसे. चपला जशा उंबऱ्याबाहेर राहतात तसं गावातलं नाव मंडळीच्या बाहेर राहायचं.

घोटाळा झाला तो जून महिन्यात. निजामाचं राज्य जाऊन सात वर्षं झाली होती, शाळा मराठी झाल्या होत्या, आणि पिंगळीच्या शाळेतले दिनकरराव मास्तर केवळाच्या मागं लागले होते की पोरगी हुशार आहे, तिला परभणीला धाडा, सातवी पास झाली की मास्तरीण होईल. बोर्डिंगचा फारम त्यांनीच आणला. जात लिहिली. मग धर्माच्या रकान्यापाशी मास्तर थांबले.

"मुंजाजी, बोर्डिंगची सवलत तुमच्या जातीला आहे," ते म्हणाले, "पण ख्रिस्ती झालेल्याला नाही. नवा कायदा तसाच आहे. खरं लिहिलं तर पोरगी घरी बसेल."

मुंजाजीनं बराच वेळ खालच्या मातीत बोटानं रेघोट्या ओढल्या. मग बायनाबाईच बोलली, "एकच सबूद हाय न्हवं? ल्हिवा."

मास्तरांनी 'हिंदू' लिहिलं, मुंजाजीनं अंगठा दिला. त्या एका शब्दावर पोरगी सहा महिने बोर्डिंगात जेवत होती, पहिला नंबर काढत होती. मार्चात परीक्षा होती. तेवढी गाठायची होती, बस्स.

आणि आता त्या शब्दावर बायनाबाईनं स्वतःच्या हातानं खंडोबा आणून बसवला होता.

वस्तीत सणाची धांदल उडाली होती. घरोघर पांढऱ्या मातीनं भिंती सारवल्या जात होत्या. कामट्या वाकवून चांदण्या बांधणं चाललं होतं. बायका एकेका घरी जमून करंज्या लाटत होत्या. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. बायनाबाईच्या सासूच्या काळी मोठ्या सणाला नुसती गव्हाची खीर असायची, गूळ घातलेली, पळसाच्या पानावर वाढलेली. करंज्या, शंकरपाळी, अनारसे हे सगळं मागून आलं, गावातल्या दिवाळीचं बघून. यंदा तर दीर अंगद सिकंदराबादेहून आला तो टिनाच्या डब्यात केक घेऊन. तिकडं लोकोशेडात त्याच्या साहेबाकडं तो करतात म्हणे. सगळ्या बायकांनी बोट लावून चाखला.

"ह्ये काय वं भावजी, गोड ईट हाय का?" एकीनं विचारलं.

"चहात बुडवून खायाचं असतंय," अंगद म्हणाला.

"मंग बुडवायच्या आदी दात बी चहात बुडवावं लागतील!"

हसण्याचा गलका झाला. बायनाबाई हसली नाही. करंजीच्या कडा दुमडताना तिची बोटं चुकत होती. तळताना तीन करंज्या कढईत फुटल्या. सारण तेलात पसरलं, आणि जळक्या खोबऱ्याचा वास घरभर झाला.

"आगं मार्था, ध्यान कुटं हाय तुजं?" जाऊ म्हणाली.

ध्यान कुठं होतं ते सांगायची सोय नव्हती. दोन काळज्या तिच्या डोक्यात एकमेकींच्या वेण्या घालत बसल्या होत्या. नर्मदाबाई येणार, ही एक. आणि त्याच सकाळी हाजरी होणार, ही दुसरी.

हाजरी ही त्या वस्तीची जुनी रीत. गोरा साहेब वर्षातनं एकदाच यायचा, मोठ्या सणाला. कोण मेलं, कोण जन्मलं, कोण गाव सोडून गेलं, हे त्याला एका बैठकीत कळावं म्हणून तो पुस्तक उघडून एकेक नाव वाचायचा. ज्याचं नाव त्यानं उठून 'हाजर' म्हणायचं. तीन वेळा पुकारूनही उत्तर आलं नाही, तर लाल पेन्सिलीनं त्या नावावर रेघ. बायनाबाईला अक्षर येत नव्हतं, पण लाल रेघा तिला वाचता येत. सासूच्या नावावरची रेघ, पटकीत गेलेल्या तिच्या थोरल्या मुलाच्या नावावरची रेघ, रझाकाराच्या सालात पळून गेलेल्या दोन घरांच्या नावांवरच्या रेघा. साहेब त्याच सालात विलायतेला गेला तो परत आला नाही. आता नांदेडकडून एक पाळकसाहेब येत. मराठीच माणूस, डोक्याला टोपी, संगं पेटी. पेटी म्हणजे हार्मोनियम. त्यांनी बरंच काही बदललं होतं, पण हाजरी तेवढी ठेवली होती.

बायनाबाईनं मनाशी ठरवून टाकलं. केवळानं हाजरीला गप्प बसायचं. पुस्तकातलं नाव खोडलं गेलं तर जाऊ दे. कागदावर पुरावा तरी राहणार नाही.

आणि नर्मदाबाईंचं काय? त्यासाठी ती रुळ ओलांडून धनगराच्या वाड्यावर गेली. येडबा धनगराकडून वस्तीला दरसाल सणाचा बोकड यायचा, त्या निमित्तानं येणंजाणं होतं. येडबाची बायको भागुबाई कोकराला बाटलीनं दूध पाजत बसली होती.

"वैनी, तुमची तळी कवा हाय?"

"उचलली की सटीला. का गं? तुला कशाला पायजे?"

बायनाबाईनं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणापुढं तरी सांगितलं, आणि सांगता सांगता तिनं पदर डोळ्यांना लावला. भागुबाईनं मात्र कोकरू मांडीवरून खाली ठेवलं आणि पोट धरून हसायला लागली.

"म्हंजी माझा देव उसना पायजे व्हय तुला? आगं, लोक इरजण मागाया येत्यात, तू खंडोबा मागाया आलीस!"

"हसू नका वं, वैनी. पोरीचं वाटुळं हुईल."

"हसू न्हाई तर काय रडू? तू रडायलीस तेवढं बास हाय." तिनं डोळे पुसले. "ऐतवारी पुन्यांदा उचलू तळी. आमचा मल्हारी काय न्हाई म्हणत न्हाई. त्या बाईला ठेसनावरून थेट हिकडं घिऊन ये. भंडारा लावते, परसाद देते, दुपारच्या गाडीत बसवून टाक. तुमच्या वस्तीकडं फिरकू देऊ नगंस."

बायनाबाईच्या जिवात जीव आला. तो शनिवारी संध्याकाळपर्यंत टिकला.

शनिवारी संध्याकाळी केवळा आली. खांद्यावर दप्तर, वेणीला लाल फीत. सहा महिन्यांत पोरगी उंच झाली होती आणि बोलणं मऊ झालं होतं. 'हाय'च्या जागी 'आहे' येऊ लागलं होतं. बायनाबाईनं तिला परड्यात नेलं आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. केवळा परकराचा काठ मुठीत धरून उभी राहिली.

"उद्या नाव आलं तर गप बसायचं. समजलं न्हवं?"

"तीन वेळा पुकारतात, आये."

"तीन येळा बी."

"मग रेघ मारतात."

"मारू दे."

"मग मी कोण?"

"बोर्डिंगातली पोर," बायनाबाई चिडून म्हणाली. "मास्तरीण व्हायची हाय न्हवं तुला? का माझ्यावानी रुळाकडंची खडी येचायची हाय?"

केवळानं मान हलवली. ती मान होकाराची होती का नकाराची, हे बायनाबाईला अंधुक उजेडात कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

तिकडं पाळकसाहेबांचा आणि मुंजाजीचा वाद चालला होता. मुंजाजीच्या बापानं बाप्तिस्मा घेतला तरी हलगी सोडली नव्हती. मोठ्या सणाच्या सकाळी वस्तीभर हलगी घुमवत गाणी म्हणत फिरायचं, मग हाजरीला बसायचं, हे चाळीस वर्षं चाललेलं. पाळकसाहेबांना ते खटकत होतं.

"मोशेभाऊ, हलगी कुठं वाजते? मरीआईपुढं, बोकडापुढं, मढ्यापुढं. प्रभूच्या जन्माला ती कशाला? यंदा पेटीवर गाणी म्हणू."

"पेटी खोलीत वाजती, साहेब. हलगी माळावर जाती," मुंजाजी म्हणाला. "आन् पिरभूचा जन्म बी मेंढरं राखणारांलाच पैलांदा सांगितला न्हवं? ते काय पेटी ऐकून आले व्हते का?"

पाळकसाहेब हसले, पण बधले नाहीत. मुंजाजी उठून गेला. त्यानं कोपऱ्यातली हलगी काढली आणि चुलीच्या जाळावर धरून तापवायला लागला. बायनाबाईला वाटलं, आत्ता या हलगीचं काय एवढं? हिच्यापेक्षा मोठं संकट दारात आहे. पण नवऱ्याला तिनं नर्मदाबाईंचं सांगितलंच नव्हतं. फारमावर अंगठा दिल्यापासून तो त्या गोष्टीविषयी एक शब्द बोलला नव्हता, आणि न बोलणाऱ्या माणसाला आणखी काही सांगायचं म्हणजे भरल्या घागरीत तांब्या ओतण्यासारखं.

रविवारी उजाडताच ती ठेसनावर जाऊन बसली. नवं लुगडं, पदराखाली हात, डोळे परभणीच्या बाजूला. गाडीची वेळ झाली. गाडी नाही. घटका गेली. गाडी नाही. ठेसनमास्तर बाहेर आले.

"मोठा सण ना आज तुमचा? इथं काय करायलीस?"

"पावणं यायचं हाय, साहेब."

"मग बस. परभणीच्या आऊटरला मालगाडी अडकलीय. दोन तासांच्या आत पॅसेंजर येत नाही."

एवढ्यात जाऊ धावत आली. "आगं, समदे जमले! पाळकसाहेब पुस्तक खोलायलेत. चल, तुझं नाव पैल्या पानावर हाय, पुकारलं तर कोन म्हणंल हाजर?"

बायनाबाईनं मनात वेळ मोजली. हाजरी अर्ध्या तासाची. दोन तासांत ती संपवून परत येता येईल. किंवा, देवाची दया असली तर, बाई कंटाळून घरी परत गेल्या असतील. या दुसऱ्या विचारानं तिला एवढं हलकं वाटलं, की जावेच्या मागोमाग ती जवळजवळ पळतच निघाली.

लिंबाखाली चटया अंथरल्या होत्या. बारा घरची माणसं, पाहुणेरावळे, गावातले बघे. पाळकसाहेबांनी पेटीवर गाणं धरलं. दोन कडवी झाली आणि मागून हलगी कडाडली. मुंजाजी. डोळे मिटलेले, मान तिरपी. पाळकसाहेबांची बोटं पेटीवर थबकली. एका क्षणात सगळी बाया-माणसं उभी राहून टाळ्या धरू लागली, आणि आवाज रुळ ओलांडून, ठेसन ओलांडून, थेट माळावर गेला. पाळकसाहेबांनी निमूटपणे पेटीचा भाता बंद केला.

गाणं संपलं. पुस्तक उघडलं.

"मोशे."

"हाजर."

"मार्था मोशे."

"हाजर," बायनाबाई म्हणाली आणि खाली बसली. आता सहा-सात नावं, मग पोरीचं. तिनं केवळाकडं पाहिलं. पोरगी दोन रांगा पुढं बसली होती, पाठ ताठ.

आणि तेवढ्यात बायनाबाईला लिंबाच्या बुंध्यापाशी पांढरं लुगडं दिसलं.

नर्मदाबाई. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात कागदाची पुडी, पायांवर धूळ. मालगाडी सुटली होती, गाडी सांगितल्यापेक्षा लवकर आली होती, ठेसनावर कुणी भेटलं नाही. तेव्हा त्यांनी कान दिला होता. लांबून हलगी ऐकू आली. खंडोबाच्या तळीला हलगी असणारच. हलगीच्या मागानं त्या बरोबर इथवर आल्या होत्या, आणि आता समोर टोपीवाला माणूस जाड पुस्तकातून कसली नावं वाचतोय ते उमजत नसल्यागत उभ्या होत्या.

बायनाबाईला उठता येईना. तिच्या पाठीमागून भागुबाईचा पळत येण्याचा आवाज येत होता. पांढरं लुगडं वस्तीकडं वळताना वाड्यावरून बघून ती धावली होती, पण उशिरा पोचली होती.

"रूथ मोशे."

केवळा हलली नाही.

"रूथ मोशे." पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना पोरगी समोर दिसत होती. "रूथ?"

मुंजाजीनं मान वर केली. सगळी वस्ती केवळाकडं बघायला लागली. पोरीनं ओठ असे घट्ट मिटले होते, की त्यांचा रंगच गेला होता. आईनं सांगितलं तेवढं ती अक्षर न् अक्षर पाळत होती. पाळकसाहेबांनी लाल पेन्सिल उचलली आणि तिचं टोक जिभेला लावलं.

बायनाबाईला ते मिटलेले ओठ दिसत होते. असेच ओठ तिनं एकदा पाहिले होते. पटकीच्या सालात, थोरल्याचे. हनुवटीला फडकं बांधल्यावर. त्याच्याही नावावर हीच पेन्सिल फिरली होती, आणि ती रेघ बघून तिनं पुस्तकावर हात आपटले होते. जित्या लेकीच्या नावावर तीच रेघ, आणि ती ओढायला तिनंच सांगितलेलं.

"रूथ मोशे," तिसऱ्यांदा.

"हाय!" बायनाबाई ओरडली. आपण कधी उभ्या राहिलो ते तिला कळलं नाही. "हाय वं, साहेब! हाजर हाय ती. जित्ती हाय. रेघ मारू नगा!"

"मार्थाबाई, ज्याचं त्यानं म्हणायचं असतं."

केवळानं मागं वळून आईकडं बघितलं. मग बुंध्याकडं. तिलाही आता पांढरं लुगडं दिसलं. ती उठली, फीत सुटलेली वेणी मागं टाकली, आणि बोर्डिंगात सकाळी पट पुकारतात तेव्हा म्हणत असेल त्याच आवाजात म्हणाली, "हाजर."

पाळकसाहेबांनी रेघ न ओढताच पेन्सिल खाली ठेवली. पुढचं नाव पुकारलं गेलं. वस्तीच्या दृष्टीनं एवढंच झालं होतं. बायनाबाई मात्र माणसांमधून वाट काढत लिंबापाशी गेली आणि नर्मदाबाईंच्या समोर हात जोडून उभी राहिली.

"तळी कुठं आहे?" नर्मदाबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"न्हाई, बाई."

"घरात खंडोबा?"

"न्हाई."

"आणि तुम्ही लोक..." त्यांनी पुस्तकाकडं बघितलं. पुढं विचारायची गरज त्यांना वाटली नाही. हातातल्या नारळाकडं बघून म्हणाल्या, "मग हा मी कुणापुढं फोडू?"

"आमच्या हितं हाय की खंडोबा!" भागुबाई धापा टाकत मधे घुसली. "आवो बाई, कवाची वाट बघायलाय मल्हारी तुमची. ह्या बायनीचा कायबी दोष न्हाई. हिनं त्यो माझ्याकडून उसना घेतला व्हता, पर न्यायलाच ईसरली. चला, चला, रुळाच्या पल्याड."

नर्मदाबाई हसल्या नाहीत. पण गेल्या. भागुबाईच्या मागोमाग रुळ ओलांडून गेल्या आणि लगोलग पल्याडून 'येळकोट'चा पुकारा ऐकू आला. बायनाबाई रुळाच्या अलीकडं उभी राहिली. पलीकडं जायची तिची छाती नव्हती, मागं फिरायचीही नव्हती. मुंजाजी येऊन शेजारी थांबला.

"कोन बाई हायेत ह्या?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. गळ्यातली हलगी काढून बगलेत धरली.

"माझ्या हलगीनंच आनल्या म्हंजी," तो म्हणाला.

"माझ्या जिभेनं आनल्या. तुमी गप बसा."

नर्मदाबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या मोकळ्या कपाळाला भंडारा लागलेला होता. कुणी लावला, त्यांनी लावू कसा दिला, देव जाणे. पण त्यांचे डोळे लाल होते आणि आवाज मात्र बोर्डिंगातलाच होता.

"रजा मी कशाची दिली होती?"

"सटीची, बाई."

"तुमच्या घरी सट आहे का?"

"न्हाई."

"मग रजाही नाही. पोरीला आवरायला सांगा. मी दुपारच्या गाडीनं तिला घेऊन जाते."

बायनाबाईला अर्थ लागायला वेळ लागला. "कुटं... बोर्डिंगात?"

"मग दुसरं कुठं?" नर्मदाबाईंनी मुंजाजीकडं पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडं. "ऐका. मार्चात परीक्षा आहे. तोपर्यंत मला कुणी विचारलं नाही, तर मी सांगत फिरणार नाही. विचारलं, तर खोटं बोलणार नाही. मीही सरकारचंच अन्न खाते, बाई. माझ्या मागं दुसरं कुणी नाही. यापलीकडं माझ्याच्यानं होणार नाही."

"जेवून तरी जाऊ द्या तिला. बोकड शिजायलाय."

"गाडीला किती वेळ आहे?"

"न्हाई येवडा येळ," मुंजाजीच म्हणाला. गाडीच्या वेळा त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक नव्हत्या, आणि त्या बाबतीत त्याला खोटं बोलता येत नव्हतं.

केवळानं नवा परकर उतरवून त्याची घडी घातली आणि बोर्डिंगचा चढवला. बायनाबाईनं करंज्यांची पुरचुंडी बांधली. बांधताना दोनदा सोडली, आणखी घातल्या, पुन्हा बांधली. फलाटावर नर्मदाबाईंची नजर त्या पुरचुंडीवर गेली.

"हा फराळ कसला म्हणून सांगणार आहेस पोरींना?"

केवळानं जरा विचार केला. "घरचा."

"ठीक आहे," नर्मदाबाई म्हणाल्या. "घरचा म्हण."

बायनाबाईनं त्यांच्यासाठीही चार करंज्या वेगळ्या फडक्यात बांधून आणल्या होत्या. त्या पुढं करायचा तिला धीर होत नव्हता. नर्मदाबाईंनी तिच्या हाताकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, आणि हात पुढं केला नाही. डब्यात चढल्या. मग केवळानंच ते फडकं आईच्या हातातून काढून घेतलं आणि त्यांच्या मागोमाग चढली.

गाडी गेली. लिंबाखाली साठ पानं मांडली होती. मटणाचा वास ठेसनापर्यंत आला होता. अंगदचा केक सुरीनं कापताना कुणीतरी थट्टा करत होतं आणि पाळकसाहेब हसत होते. रुळावरून वस्तीकडं जाताना मुंजाजीनं विचारलं, "काय म्हनल्या बाई शेवटाला?"

"परिक्षेपत्तुर ठिवत्या म्हनल्या. कुनी इचारलं न्हाई तर."

"आन् इचारलं तर?"

बायनाबाईनं पदर खोचला आणि वाढायला गेली. कुणी म्हणालं, रूथ कुठाय. तर म्हणाली, अभ्यास हाय तिला. तीन वेळा म्हणाली.

त्या दिवसापासून परभणीकडची कोणतीही गाडी पिंगळीला थांबली, की बायनाबाई हातातलं काम टाकून दारात येई. कणकेचे हात तसेच, कधी हातात खडीचं टोपलं. पोरीला माघारी तर धाडली नाही ना, उतरणाऱ्या माणसांत शाळेचा परकर, लाल फीत दिसते का, एवढंच बघे. नाही दिसली, की शिट्टी होईपर्यंत तशीच उभी राही, आणि गाडी हलल्यावर आत जाई.